आडवं भोक

चाळकेवाडीच्या पठारावर रात्रपाळीला
चौदा पवनचक्क्या माझ्या नावावर.
पत्र्याची केबिन, खुर्ची, थर्मास, शिट्टी,
आणि भिंतीला चार खिळ्यांनी ठोकलेला
टार्गेटचा एक जुना कागद.
कंपनीचा साहेब विचारतो, हे काय?
मी म्हणतो, कॅलेंडर.

सतरा वर्षं फौजेत, त्यातली सहा बट्सच्या खड्ड्यात.
नेम दुसऱ्याचा. माझं काम
कागद वर ढकलायचा, खाली ओढायचा,
भोकावर खळ लावून तुकडा चिकटवायचा
आणि फोनवर सांगायचं :
नऊ वाजता, चार बोटं बाहेर.

डोक्यावरून जाणारी गोळी
दिसत नाही, फुटते.
मरीआईच्या पोतराजाचा कोरडा हवेत फुटतो तशी,
चट्ट.
बंदुकीचा आवाज मागनं येतो धापा टाकत,
अक्षता पडल्यावर पोचलेल्या मामासारखा.
तीनशेला चट्ट. सहाशेला चट्ट.
खड्ड्यातला माणूस कानांवर जगतो.

त्या दिवशी नऊशे मीटर.
जानेवारी, दाट थंड हवा, पलीकडं
हिंदुराव फडतरे, वडूजकडचा, माझ्याच बॅरेकचा.
वाट बघत बसलो. चट्ट नाही.
फर्र असं काहीतरी,
वटवाघूळ गेल्यावर होतं तेवढंच.
कागद हलला. मग सेकंदभरानं आवाज.

ओढून बघतो तर भोक गोल नाही.
आडवं.
करंगळीच्या पेराएवढं, लांबुळकं,
गोळी कुशीवर झोपून आत शिरलेली.
फोनवर काय सांगावं कळेना.
म्हणालो, उस्ताद, तुम्हीच या.

उस्ताद आले. बोट फिरवलं त्याच्यावरून.
म्हणाले, फिरकी संपत नाही रे हिची.
भोवरा मरतो तशी ही मरत नाही.
फिरकी तशीच राहते, पुढची चाल उतरते.
आवाजाच्या पुढं पळत असते तोवर
तिनंच उठवलेली लाट तिच्या नाकाला धरून असते.
चाल उतरली की लाट सुटते,
हिला टाकून पुढं जाते.
तेवढ्या टप्प्यात डुलतात सगळ्याच.
काही सावरतात.
मी विचारलं, कुठल्या?
ते म्हणाले, कारखान्याला विचार. चहा आलाय का?

तुकडा चिकटवायला खळ बोटावर घेतली होती.
पँटीला पुसली.

पुढचं कुणाला सांगितलेलं नाही.
पेन्शनीत निघालो, सातारा स्टँडला उतरलो,
ट्रंक खांद्यावर, ठोसेघरची गाडी लागलेली.
चार पावलं टाकली असतील.
हुकूम, शिट्ट्या, बुटांचे आवाज,
सगळं मला ओलांडून पुढं निघून गेलं
फलाटावरनं, गर्दीतनं,
आणि मी ट्रंकेसकट मागं.
कंडक्टर म्हणाला, मामा, येताय का?
दीड वर्ष पहाटे चारला उठून
बूट पॉलिश करत होतो.
घालून जायला जागा नव्हती.
सुलाबाई म्हणायची,
धार काढायला निघालाय का परेडला?

परवा हिंदुराव आला वर, मोटारसायकलवरनं.
आता पिठाची गिरणी आहे त्याची,
भुवईतसुद्धा पीठ.
कागदापुढं बराच वेळ उभा राहिला.
करंगळी घालून बघितली, जेमतेम मावली.
म्हणाला, पण लागली होती की.
मी म्हणालो, लागली होती. पांढऱ्यात.
कागदाला तरी लागली होती, म्हणाला.

मग दोघं बाहेर दगडावर बसलो.
खाली उरमोडीचं पाणी, सज्जनगडावरचे दिवे,
माथ्यावर पाती घरघरत होती.
त्यानं जुन्या सवयीनं विचारलं,
वारा किती?
मी पात्यांकडं बघितलं नाही.
गवताकडं बघितलं.
म्हणालो, डावीकडनं. थोडा.
थांब जरा, पडतोय.